महाद्वार रोडच्या बोळातलं फ्रेमचं दुकान: दोन फ्रेमा, साडेतीन हजार रुपये आणि एक न्यूयॉर्कचा जर्मन पेंटर

आधीच एक सांगून टाकतो. या दुकानाचा बोर्ड मी रंगवलेला आहे. 1994 साल, पत्र्यावर ऑइल पेंट, पिवळ्यावर तांबडी अक्षरं आणि त्यांना काळी सावली. म्हणून दुकानाचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणणार, पेंटरनं स्वतःच्या अक्षरांची जाहिरात केली. महाद्वार रोडवरनं बिनखांबी गणेश मंदिराच्या अंगाला चालत निघा आणि बोळांत डोकावत जा. हातानं रंगवलेला बोर्ड एकाच बोळात दिसेल. बाकी सगळीकडं फ्लेक्स.

काम काय होतं ते सांगतो. माझी पुतणी जर्मनीत वायमार नावाच्या गावी शिकते. दिवाळीला आली तेव्हा माझ्यासाठी पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन आली. विमानात ती नळी मांडीवर धरून बसली होती म्हणे. आत दोन कागद. पहिला काळा-पांढरा: लाकडी ठोकळा कोरून केलेलं छापचित्र, त्याची हुबेहूब प्रत. तीन मनोऱ्यांचं चर्च, मनोऱ्यांच्या टोकांवर तीन चांदण्या, आणि चांदण्यांतनं सुटलेले किरण एकमेकांना छेदत कागदभर पसरलेले. दुसरं रंगीत पोस्टर: खेड्यातलं एक चर्च, पण काचेच्या तुकड्यांतनं बघितल्यासारखं. भिंत कुठं संपली आणि आभाळ कुठं लागलं ते शोधत बसावं असं. दोन्ही एकाच माणसाची चित्रं. लायोनेल फाइनिंगर. जन्म न्यूयॉर्कचा, आयुष्यातली पन्नास वर्षं जर्मनीत.

पुतणी म्हणाली, "काका, हा पण तुमच्यासारखाच. पोटापाण्याच्या चित्रातनं उशिरा सुटला." मी म्हटलं, मी कुठला सुटतोय, मला फ्लेक्सनं सोडवलं. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. आता रविवारी रंकाळ्यावर बसून जलरंग करतो, ते कुणी विकत घेत नाही आणि मीही कुणाला विचारत नाही.

फ्रेमवाल्याकडं जाताना मला कायम धडकी भरते. त्याला कारण आहे. माझ्या गुरुजींनी 1988 साली रंकाळ्यातल्या संध्यामठाचं एक जलरंग करून मला दिलं होतं. पाण्यात अर्धा बुडालेला मठ, पाऊस नुकताच थांबलेला. खाली उजव्या कोपऱ्यात सही आणि तारीख. मी ते गावातल्या एका दुकानात दिलं (हे दुकान नव्हे, दुसरं, आणि ते आता बंद झालंय). चार दिवसांनी आणायला गेलो तर फ्रेम झकास, काच झकास, सही गायब. तयार साइजमध्ये बसेना म्हणून पठ्ठ्यानं खालनं पाऊण इंच कापला होता. वर मलाच म्हणाला, "चित्राला काय झालंय? चित्र आहे की सगळं." कापलेली पट्टी मागितली तर कचरा सकाळीच गाडीत गेलेला. गुरुजी तोवर वारले होते. तेव्हापासून माझी एकच परीक्षा असते: कागद समोर ठेवायचा, गप्प बसायचं आणि माणूस पहिल्यांदा कशाला हात घालतो ते बघायचं.

इथं थोरले मालक गल्ल्यावर होते. "काय पेंटर, बंदूक आणलीय व्हय?" नळीकडं बघून म्हणाले. काम आता त्यांचा धाकटा बघतो. त्यानं पहिल्यांदा हात धुतले, शर्टाला न पुसता फडक्याला पुसले, टेबलावरची कटर आणि पट्टी उचलून बाजूला ठेवली, वर कोरा ब्राऊन पेपर अंथरला आणि मग कागद उलगडला. चारी कोपऱ्यांवर वजनं म्हणून कापडाच्या लहान पुरचुंड्या ठेवल्या, आत बहुतेक वाळू. मग वाकून खालचा समास बघितला. तिथं पेन्सिलची सही आहे, अगदी फिकट, प्रतीतही ती तशीच फिकट आलीय. म्हणाला, "पेंटरकाका, ही सही दिसाय पायजे न्हवं? मग माउंट खालनं जरा जास्त सोडावा लागंल." माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट.

पास. तिथंच मी खुर्ची ओढून बसलो.

आता मोल्डिंग, म्हणजे फ्रेमची पट्टी, निवडायची. भिंतीला इथं दीडेकशे नमुन्यांचे काटकोन टांगलेत. फायबरचे जास्त, खरं लाकूड एका कोपऱ्यात. धाकट्यानं सवयीनं आधी सोनेरी नक्षीची पट्टी लावून दाखवली. देवाच्या फोटोला ती शोभते, लग्नाच्या फोटोला शोभते, पण या चित्रावर ती अशी दिसली की तालमीतल्या पैलवानाला कुणी फेटा बांधून मातीत उतरवावं. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "का वो? एवढं चर्च हाय, भारी दिसंल." मग सांगावं लागलं.

हे चित्र 1919 च्या एप्रिलमधलं. महायुद्ध हरून जर्मनी भुकेला आलेला. त्या वेळी वॉल्टर ग्रोपिअस नावाच्या आर्किटेक्टनं वायमारमध्ये एक नवी शाळा काढली, बाउहाउस. चित्रकार, सुतार, विणकर, कुंभार, गवंडी सगळ्यांनी एका छपराखाली काम करायचं, कारागीर आणि कलावंत यांच्यातली भिंत पाडायची, असा तिचा जाहीरनामा. चार पानांचा कागद. त्याच्या तोंडावर हे चित्र. तीन मनोरे म्हणजे चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला, असं त्याचा अर्थ लावणारे म्हणतात. ग्रोपिअसनं शाळेसाठी बोलावलेल्या पहिल्या मास्तरांत फाइनिंगर होता, आणि छपाईचा कारखाना त्याच्याकडं दिलेला. म्हणजे हे चित्र मुळात हँडबिल होतं. हँडबिलाला सोन्याची पट्टी कशी लावायची?

थोरले मालक मध्येच म्हणाले, "पण अमेरिकेचा माणूस तिकडं गेला कशाला? लोक तिकडनं अमेरिकेला जात्यात."

हा प्रश्न मलाही पडला होता. मी म्हटलं, अल्लादियाखाँसाहेब राजस्थानातनं कोल्हापुरात कशाला आले? गाण्यापायी. शाहू महाराजांनी ठेवून घेतलं आणि माणूस कोल्हापूरचा झाला. फाइनिंगरचं सुरुवातीला तेच होतं. बाप व्हायोलिन वाजवणारा, आई गाणारी. 17 जुलै 1871 चा जन्म. सोळाव्या वर्षी, 1887 मध्ये, त्याला जर्मनीला पाठवलं ते संगीत शिकायला. पोरगं तिथं जाऊन हाम्बुर्गच्या कलाशाळेत शिरलं, मग बर्लिनच्या अकादमीत. व्हायोलिन सुटलं नाही, पण हातात पेन्सिल आली ती कायमची.

पुढचं मला जवळचं वाटतं ते यासाठी. पुढची पंधराएक वर्षं हा माणूस बर्लिनच्या विनोदी साप्ताहिकांत व्यंगचित्रं काढून पोट भरत होता. संपादक सांगेल तो विषय, सांगेल त्या मापात, ठरल्या वारी हजर. पाटीवाल्याचंच जिणं. "पेंटर, उद्या उद्घाटन आहे, आज रात्रीत बोर्ड पाहिजे." 1906 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो ट्रिब्यूनला आपल्या रविवारच्या पानासाठी जर्मन हाताची चित्रं हवी होती, त्यांनी याला धरलं. त्यानं 'किन-डर-किड्स' नावाची रंगीत मालिका सुरू केली. पोरांची टोळी बाथटबात बसून समुद्र ओलांडतेय, आणि एक खाष्ट मावशी एरंडेल तेलाची बाटली घेऊन त्यांच्या पाठीमागं. सही करायचा "तुमचा काका फाइनिंगर" अशी. धाकटा हसला. एरंडेल म्हटल्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ती पानं तो युरोपात बसून काढायचा आणि पोस्टानं शिकागोला धाडायचा. वर्षाच्या आत ते काम संपलं. त्याला शिकागोला जाऊन राहायचं नव्हतं. का, तर मध्ये पॅरिस होतं आणि ज्युलिया होती. ज्युलिया स्वतः चित्रकार. दोघांचीही आधीची लग्नं झालेली, त्याला दोन मुली. 1908 मध्ये त्यांनी लंडनला लग्न केलं. थोरला मुलगा आंद्रेआस पुढं अमेरिकेत 'लाइफ' मासिकाचा नावाजलेला फोटोग्राफर झाला. पण मला सांगायचं आहे ते 1907 चं. त्या वर्षी त्यानं पहिलं तैलचित्र केलं. छत्तिसाव्या वर्षी. तोवर छापखान्यासाठी काढलेली शेकडो चित्रं हाताखालनं गेलेली.

आमच्या गावात 'पेंटर' हे आडनाव होऊन जातं. बाबुराव पेंटर, आनंदराव पेंटर. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता हे लोक कुठल्या कुठं गेले, बाबुरावांनी तर कॅमेरा घडवला आणि सिनेमा काढला. त्यामुळं पडदे रंगवणारा हलका आणि तैलचित्रवाला भारी असं इथं कुणी शहाणा म्हणत नाही. जर्मनीत म्हणत असावेत. कारण फाइनिंगरची त्या वेळची चित्रं बघितली तर माणसं अजून कार्टूनमधलीच आहेत: लंबूटांग, उंच टोप्या, वाकड्या गल्लीतनं लगबगीनं चाललेली, मागं पूल. चित्रकार होताना त्यानं आधीची कमाई फेकून दिली नाही, रंगात घेऊन गेला. मला हे लई आवडलं. मी पाट्यांची सावली अजून जलरंगात देतो, लोक हसतात.

तोवर पट्टी ठरली. सागवानी, एक इंच, वर काळा मॅट पॉलिश, नक्षी नाही. फायबरपेक्षा फूटमागं बरीच महाग पडते, पण सांध्याला बघा: इथं कोपरे मशिनवर कापून मागनं व्ही आकाराच्या पिना मारतात, वर पुटी भरून काळवंडतात. माझ्या फ्रेमच्या आठ कोपऱ्यांपैकी सात ठिकाणी नख अडकत नाही. आठव्याचं पुढं सांगतो.

माउंटवरनं जरा वाजलं. थोरल्यांना मरून रंगाचा पाहिजे होता. "काळ्या-पांढऱ्याला जरा उठाव." धाकट्यानं मरून लावून दाखवला आणि चित्रच मागं गेलं, नुसता माउंट दिसायला लागला. मोतिया पांढरा लावला तेव्हा चांदण्या पेटल्या. अॅसिड नसलेला बोर्ड पाहिजे असं मी सांगितलं, कारण साध्या बोर्डाची कापलेली कड चार-पाच वर्षांत पिवळी पडते आणि मग कागदालाही तो पिवळेपणा चढतो. त्यांच्याकडं एकच रंग त्या प्रकारात होता, सुदैवानं मोतियाच. खालचा समास वरच्यापेक्षा पाऊण इंच जास्त सोडला. गुरुजींचा पाऊण इंच, असं मनात आलं, बोललो नाही.

रंगीत पोस्टरला फार वेळ लागला नाही मापाला, पण गप्पांना लागला. त्यावरचं चर्च गेल्मेरोडा नावाच्या खेड्यातलं, वायमारपासून सायकलच्या अंतरावर. ज्युलिया वायमारला शिकत होती तेव्हा, 1906 मध्ये, हा सायकलवरनं हिंडताना तिथं पोचला आणि अडकलाच. 1913 पासून 1936 पर्यंत त्यानं त्या एका चर्चची तैलचित्रं केली आणि त्यांना ओळीनं नंबर दिले, एकपासून तेरापर्यंत. तेरावं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. ड्रॉइंग आणि ठोकळे वेगळेच. पुतणी सायकलवरनं जाऊन आली. म्हणाली, काका, प्रत्यक्षात एवढंसं आहे हो, आपल्या एखाद्या वाडीतल्या देवळाएवढं, वर टोकदार बारीक शिखर. शेजारनं आता हायवे गेलाय, गाडीवाले पाच मिनिटं थांबून आत बसतात, त्यासाठीच ते उघडं ठेवतात.

एवढ्याशा चर्चमध्ये तेवीस वर्षं काय बघत होता? धाकट्यानं हेच विचारलं. मी म्हटलं, तू रोज दुपारी दुकानातनं बाहेर येऊन अंबाबाईच्या शिखराकडं बघतोस, रोज एकच दिसतं का? तो म्हणाला, "न्हाई, पावसात येगळंच दिसतंय." झालं की मग.

1911 मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात याची सहा चित्रं लागली होती, तेव्हा तिथं क्युबिझमवाल्यांचं काम त्याला दिसलं. वस्तू फोडून तिच्या बाजू एकाच वेळी दाखवायच्या, ही त्यांची रीत. फाइनिंगरनं ती घेतली, पण फोडायला नव्हे. त्याच्याकडं भिंत फुटत नाही, उजेड फुटतो. शिखराची कड आभाळात पुढं चालत जाते, तिथनं झाडात शिरते, आणि जिथं दोन पापुद्रे एकमेकांवर येतात तिथं रंग जरा गडद. हे कसं साधलं असेल ते मी भिंग घेऊन बघत बसलो. पोस्टरवर कळत नाही, छपाईचे ठिपके दिसतात फक्त. पण पातळ रंगाचे थर आहेत एवढं पाटीवाल्यालाही समजतं. बाखचं संगीत त्याचं दैवत. बाखची फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागनं एक आवाजात येत राहते आणि सगळे आवाज एकमेकांवर चढत जातात. पन्नाशीला आल्यावर, 1921 पासून, त्यानं स्वतः फ्यूग लिहिल्या. बाप व्हायोलिनवाला होता ते शेवटी असं बाहेर आलं.

या पोस्टरच्या खाली जर्मन अक्षरं आहेत, म्युझियमच्या प्रदर्शनाची. धाकट्यानं पुन्हा विचारलं, झाकू की ठेवू? ठेव. इतकी देखणी, सरळ, बिनशेपटाची अक्षरं झाकायला मी काय वेडा आहे?

काचेबद्दल. तीन प्रकार मिळतात: साधी, चकाकी नसलेली, आणि अॅक्रिलिक. चकाकी नसलेली काच लावू नका, निदान ठोकळ्याच्या चित्राला तरी. तिच्यातनं काळा रंग राखाडी दिसतो, आणि या चित्रात काळ्याचीच गंमत आहे. काळा म्हणजे ठोकळ्याचा न कोरलेला भाग, पांढरा म्हणजे जिथं हत्यार फिरलं तो. युद्धाच्या शेवटाला रंग-कॅनव्हास मिळायची मारामार, वर 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर हा गडी ज्या देशात तीस वर्षं राहिला तिथंच शत्रूदेशाचा माणूस ठरलेला. पासपोर्ट अमेरिकेचाच होता ना. 1918 मध्ये तो लाकडाकडं वळला आणि एका वर्षात शंभरावर ठोकळे कोरले. लग्नपत्रिकांचे ठोकळे करणारे कारागीर मी लहानपणी लक्ष्मीपुरीत बघितलेत. उलटं अक्षर सुलट दिसेपर्यंत डोळा तयार व्हायला वर्षं जातात. म्हणून त्या आकड्याची किंमत मला कळते.

दोन्हींना साधी काच घेतली. कागद काचेला टेकत नाही, मध्ये माउंटची जाडी आहे. हे महत्त्वाचं. आमच्या पावसात काचेला टेकलेला कागद चिकटतो आणि काढताना सोलून निघतो.

मागची बाजू हा माझा हळवा विषय. 2019 च्या पुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी खालच्या खोलीत मांडीएवढं पाणी होतं, तीन दिवस. भिंतीवर वर टांगलेल्या फ्रेमासुद्धा गेल्या. पाणी पोचलं नाही तिथं ओल पोचली. हार्डबोर्डानं ओल पिऊन घेतली आणि बुरशी मागनं पुढं आली. गुरुजींचा संध्यामठ त्यातच गेला, सही आधीच गेलेली, मग चित्र. म्हणून मी सांगितलं, हार्डबोर्ड नको. धाकट्यानं सनबोर्ड सुचवला, जाहिरातीच्या बोर्डांचा प्लास्टिकचा पुठ्ठा. मला हसू आलं. ज्या फ्लेक्सवाल्यांनी आमचा धंदा बसवला त्यांचाच माल माझ्या चित्राच्या पाठीला. पण ओल पीत नाही हे खरं. मध्ये एक अॅसिड नसलेला कागद घातला आणि कडेनं टेप.

आता तक्रारी. आठ दिवसांचा वायदा होता, लागले तेरा. मध्ये लग्नसराईच्या फोटोंची गर्दी. दोनदा हेलपाटा पडला, फोन करून जा. दुसरं, पोस्टरच्या फ्रेमचा डावा खालचा कोपरा, तो आठवा, जरासा उघडा आहे, पुटी आहे पण नख अडकतं. दाखवल्यावर "लाकूड हाय, पावसाळ्यात बसंल" असं उत्तर मिळालं. लाकूड पावसाळ्यात फुगतं हे मलाही माहीत आहे, कोपरा उघडा ठेवायचं ते कारण होत नाही. तिसरं, ठोकळ्याच्या चित्राच्या काचेवर आतल्या बाजूनं अंगठ्याचा ठसा, बरोब्बर मधल्या चांदणीजवळ. हे मात्र धाकट्यानं तिथल्या तिथं मागचा टेप फाडून, काच पुसून, पुन्हा टेप मारून दिलं. चहा पाजला. वीस मिनिटं गेली.

त्या वीस मिनिटांत थोरल्यांनी विचारलं, "मग म्हातारपणी परत गेला का न्हाई घरी?"

गेला. जावं लागलं. 1926 मध्ये शाळेबरोबर तो देसाऊला गेला होता. शिकवायची सक्ती नको म्हणाला, नुसता मास्तर म्हणून राहू दे, तर तेही मान्य झालं, एवढा मान. पॉल क्ले, कांडिन्स्की हे नावाजलेले चित्रकार शेजारी. हाल्ले शहरानं त्याला जुन्या किल्ल्याच्या बुरुजात स्टुडिओ दिला, तिथं त्यानं त्या शहराची अकरा चित्रं केली. मग हिटलर आला. 1933 मध्ये बाउहाउस बंद. ज्युलिया ज्यू. 1936 मध्ये कॅलिफोर्नियात उन्हाळी वर्ग घ्यायचं बोलावणं आलं, जाऊन बघून आला, आणि 1937 च्या जूनमध्ये दोघांनी जर्मनी सोडली. पुढच्याच महिन्यात म्युनिकमध्ये नाझींनी 'भ्रष्ट कला' म्हणून प्रदर्शन मांडलं, त्यात याचीही चित्रं. देशभरच्या म्युझियममधनं याची चारशेच्या आसपास कामं उचलली गेली. सोळाव्या वर्षी गेलेला पोरगा पासष्टाव्या वर्षी न्यूयॉर्कला परत आला तेव्हा त्याच्या ओळखीचं शहर तिथं नव्हतंच. उंच इमारती उभ्या होत्या. त्यानं त्यांची चित्रं काढली, दुसरं काय करणार. 13 जानेवारी 1956 ला तिथंच वारला.

"आणि चित्रं? सगळी जाळली?"

नाही, आणि ही गोष्ट सांगितल्यावर दुकानात जरा वेळ कुणी बोललं नाही. जाताना बरीच चित्रं त्याच्या एका मित्रानं सांभाळायला घेतली. हेरमान क्लुम्प, बाउहाउसचा जुना विद्यार्थी. क्वेडलिनबुर्ग नावाच्या जुन्या लाकडी घरांच्या गावात नेऊन त्यानं ती लपवली. नाझींचा काळ काढला, युद्ध काढलं. मग ते गाव पूर्व जर्मनीत गेलं आणि ठेव परत कशी करायची हा नवाच प्रश्न. वारसांनी मागितली, भांडण कोर्टकचेरीपर्यंत गेलं. 1984 मध्ये बरीचशी तैलचित्रं अमेरिकेला वारसांकडं पोचली. क्लुम्पकडं जे राहिलं त्यातनं 1986 मध्ये त्याच गावात फाइनिंगरच्या नावानं म्युझियम उघडलं.

थोरले म्हणाले, "आपल्या आबालाल रहमानांनी तर कोटीतीर्थात सोडली म्हणं." असं सांगतात खरं, शाहू महाराज 1922 मध्ये गेल्यावर त्या दुःखात आबालालांनी, आमच्या गावच्या थोर चित्रकारांनी, आपली चित्रं कोटीतीर्थ तळ्यात सोडली. सांगणारे शपथेवर सांगतात. त्याच 1922 च्या डिसेंबरात कलकत्त्याला बाउहाउसच्या लोकांची चित्रं आली होती, प्रदर्शनाला, त्यांत फाइनिंगरचीही होती. म्हणजे हा गडी आपल्या देशात एकदा कागदावरनं येऊन गेलेला आहे. हे मी सांगितल्यावर धाकट्यानं मोबाइल काढून नाव कसं लिहायचं ते विचारलं आणि याचं चित्र केवढ्याला जातं ते शोधलं. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक गेलं, दोन कोटी बत्तीस लाख डॉलरला. त्यानं रुपयांत गुणाकार केला, माझ्या कागदाकडं बघितलं. मी म्हटलं, ही प्रत आहे बाबा, हिची किंमत तुझ्या फ्रेमपेक्षा कमी. तरी उरलेला टेप त्यानं दुप्पट काळजीनं मारला.

हिशेब असा: ठोकळ्याचं चित्र, बाहेरनं अंदाजे पंधरा बाय वीस इंच, 1,450 रुपये. पोस्टर, चोवीस बाय चौतीस, 2,100. एकूण 3,550, घेतले 3,500. फायबर पट्टी आणि साधा माउंट घेतला तर याच्या निम्म्यात होईल. ओळख आहे म्हणून कमी केलं असं थोरले म्हणाले, पण शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही तेवढंच कमी केलं ते मी बघितलं.

पाचपैकी चार. कापलेला एक तो आठव्या कोपऱ्यासाठी, वायद्याचा मी सोडून दिला.

जाणार असाल तर: सकाळी दहाऐवजी अकरानंतर जा, आधी थोरले एकटेच असतात आणि ते सगळ्यांना मरून माउंट सुचवतात. शुक्रवारी आणि नवरात्रात त्या बाजूला गाडी नेऊ नका, चालतसुद्धा नीट जाता येत नाही. मोठी फ्रेम असेल तर रिक्षावाल्याला आधी माप सांगा. मला मिळालेल्या पहिल्या रिक्षात पोस्टर शिरलं नाही, दुसऱ्यात मी पाय बाहेर काढून बसलो. आणि हुक दोन लावून घ्या, ते एकच लावतात. मी घरी येऊन दुसरा स्वतः मारला. ठोकळा जिन्याशेजारी टांगलाय, पुराच्या खुणेच्या चार फूट वर. चर्च अजून पलंगावर आहे, खिळ्याला भिंत कुठली द्यायची ते आमच्यात ठरत नाही.